नऊ बॉलांचं मशीन

— वजनावर नका जाऊ मॅडम, वजनाला सगळेच फसतात. जड आहे म्हणजे मजबूत आहे असं वाटतं, आणि मग घरी नेल्यावर ते गाडीच्या डिकीतून काढायला दोन माणसं लागतात, आणि दोन माणसं रोज मिळत नाहीत, म्हणून मशीन डिकीतच राहतं. मी सांगतो तसं बघा. आधी किती वर्षं खेळता ते सांगा — नाही, सांगू नका, हात दाखवा. म्हणजे तसं नाही, नुसता तळवा, इथं काचेवर ठेवा. हां. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा, करंगळीखाली घट्टा. दहा-बारा वर्षं. बरोबर ना? मी माणसाच्या तोंडाकडे कमी बघतो, मालक त्यावरून ओरडतात, म्हणतात गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून बोल, पण मला नाही जमत. हाताकडे बघून मात्र नीट बोलता येतं. मालक बँकेत गेलेत, तासभर यायचे नाहीत, तुम्ही सावकाश बघा.

हे पांढरं आहे ना, खालचं, ते शिकाऊ माणसाचं. वीस-पंचवीस बॉल बसतात, एकाच जागी टाकतं, हळू टाकतं. ज्याला अजून रॅकेट कुठून धरायची ते कळत नाही त्याला ह्याच्यावर खर्च करायला काही हरकत नाही. पगारदार माणसाला जड जात नाही. त्याच्या वरचं हिरवं — हे डावीकडे-उजवीकडे फिरतं, शंभरावर बॉल, बॅटरी दोन-अडीच तास जाते, दोन बॉलमधलं अंतर तुम्ही ठरवायचं. दहातल्या सात जणांना मी हेच देतो. आणि ते मोठं राखाडी, त्याची किंमत ऐकून लोक आधी खाली बसतात. पण ते खरं मशीन. दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात, म्हणून बॉलला हवी तशी फिरकी देता येते, आणि रँडमला लावलं की कुठं टाकेल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. तुमच्या हाताला तेच शोभेल. फक्त बॉल सगळे एका वयाचे ठेवा. नवे-जुने एकत्र टाकले की एक बॉल नेटमध्ये आणि दुसरा कुंपणाबाहेर, आणि लोक येऊन मशीनला शिव्या देतात.

ते? कोपऱ्यातलं? कपड्याखालचं?

ते विकायचं नाही. म्हणजे विकायचंय, तसली दोन आली होती, त्यातलं हे उरलेलं, मालकांना तर कधी एकदा जातंय असं झालंय, पण मी — तुम्हाला ते काळं आहे हे कसं कळलं? कपडा तर पुरा — हां, खालून चाक दिसतंय. हो, काळं आहे. दिसायला तेच सगळ्यांत देखणं. चकचकीत, गोल कडा, समोर लाल दिवा. पण ते नका घेऊ. दोन वर्षांत आठ-दहा जणांनी मागितलं असेल, प्रत्येकाला मी नको म्हणालो, आणि का नको तेही सांगितलं. एक सोडून. एकाला नाही सांगितलं.

जाऊ द्या. हिरवं दाखवू का चालवून?

का म्हणजे — बरं, सांगतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे. त्याच्यावर रँडमचं बटण आहे, पण ते रँडम नाही. आत एक क्रम भरलेला आहे, नऊ बॉलांचा. नऊ झाले की पुन्हा पहिल्यापासून. बंद करून चालू केलं तरी पहिल्यापासून. कंपनीला कोणी विचारलं नाही, कंपनीनं सांगितलं नाही. मी दुकानात नवा होतो, मागच्या बोळात लावून बघत होतो, भिंतीवर बॉल आपटत होते आणि मी सवयीनं मोजत होतो. मला मोजायची सवय आहे. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं. डावा, उजवा, उजवा, मध्ये, डावा, डावा, उजवा — थांबा हं, फोन वाजतोय.

— नाही, मालक बाहेर गेलेत. तासाभरानं करा. —

हां. तर असं ते मशीन. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, बॉल तर येतोय ना. नाही मॅडम, तीच तर गोम आहे. माणूस ते मुद्दाम पाठ करत नाही, पाय पाठ करतात. महिनाभर त्याच्यासमोर उभं राहिलं की पाय आपोआप आधीच निघतात. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय चपळ झाली पोरगी, बॉल यायच्या आधी पोचते. पोचणारच. आणि मग समोर खरा माणूस आला की तिचे डोळे त्याच्या रॅकेटवर नसतातच, तिच्या पायात नऊचा पाढा चाललेला असतो. समोरच्यानं दोनदा उलट्या बाजूला टाकलं की संपलं. पुन्हा ते सुटत नाही लवकर. चार महिन्यांत लागलेलं वर्षभर जात नाही.

पोरगी म्हणालो का मी? कोणीही. पोरगा, पोरगी, कोणीही.

नाही, ऐकिवात नाही, बघितलंय. मी स्वतः बघितलंय. — तुम्ही बसा ना, त्या स्टुलावर बसा, रॅकेटा बाजूला सारा. मी एरवी इतकं बोलत नाही. पण तुम्ही ऐकताय, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही, घरी एकदा सोडून.

माझी ताई खेळायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्या घरात टेनिस म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं, आई क्लबात झाडलोट करायची आणि ताई तिच्याबरोबर जायची, कुंपणाबाहेर पडलेले बॉल आत टाकायची. टाकता टाकता एकदा सरांनी बघितलं. सर म्हणजे तिथले कोच. म्हणाले, हिच्या खांद्यात काहीतरी आहे, मी शिकवतो, फी नको. आईनं त्यांच्या पायाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. पुढं ताई क्लबसाठी कप आणायला लागली तेव्हा सर म्हणाले, हिला रोज हजार बॉल खेळायला मिळाले पाहिजेत, मशीन परवडत नाही क्लबला, घरात कोणी आहे का टाकायला? होतो ना मी. शाळेत असं काही उजेड पाडत नव्हतो. नववी अर्धी टाकली आणि टोपली घेऊन नेटपाशी उभा राहिलो. चार वर्षं. सकाळी पाचशे, संध्याकाळी पाचशे. पावसाळा सोडून, आजारपण धरून. तेव्हा लागली मोजायची सवय. उजवा खांदा अजून पूर्ण वर जात नाही बघा, एवढाच जातो. सर मला टोपली म्हणायचे. ए टोपली, जोरात. ए टोपली, झोपलास का. नाव विचारलंच नाही कधी. मला वाईट वाटायचं नाही तेव्हा. खरंच नाही. उलट वाटायचं, सरांनी आपल्याला नाव ठेवलं म्हणजे आपण त्यांचे झालो. किती येडा असतो माणूस त्या वयात.

मग ते शिबिर निघालं. मोठं, निवासी, दोन वर्षांचं, खाणंपिणं-रॅकेटा-डॉक्टर सगळा खर्च त्यांचा, आणि क्लबातून एकच नाव पाठवायचं. एकच. ताईनं त्या वर्षी क्लबातल्या सगळ्यांना हरवलं होतं, मुलांनासुद्धा. आईनं शेजारून बॅगही मागून आणून ठेवली होती, लाल, ती अजून दाराच्या मागं आहे, तिच्यात आता गोधड्या असतात. सरांनी आपल्या मुलीचं नाव पाठवलं. ताईपेक्षा पाच वर्षांनी लहान, चौदाची. आई गेटपाशी विचारायला गेली, मी मागं होतो टोपली घेऊन. भांडायला नव्हती गेली हो, नुसतं विचारायला, की आमचं काही चुकलं का. सर गाडीचं दार उघडं धरून उभे होते. म्हणाले, तुमच्या मुलीचा खेळ भावाच्या हातचा आहे. फेकलेला बॉल मारते ती, मारलेला नाही. मशीनवर घासल्याशिवाय खेळाडू होत नाही बाई.

मशीनवर घासल्याशिवाय. — तेच म्हणाले होते की परवडत नाही. तेच म्हणाले होते की कोणी आहे का घरात. चार वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत मी बॉल टाकत होतो, आणि दार लावून घेताना हे वाक्य. ताईनं त्या दिवसापासून रॅकेट उचलली नाही. आता औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, आठ तास उभी. घरी आली की बादलीत पाय सोडून बसते आणि मी काही बोलायला गेलो की म्हणते, झालं ते झालं रे. तिचं झालं असेल. माझं झालं नव्हतं. मी ते वाक्य रोज झोपताना म्हणायचो, अगदी त्यांच्याच आवाजात. मला त्यांचा आवाज चांगला काढता येतो.

आणि दोन वर्षांपूर्वी ते इथं आले. तुम्ही बसलाय तिथंच उभे. मुलगी शिबिरातून परत आलेली, पुढं मोठी निवड चाचणी होती, तिला घरच्या गच्चीवर सराव करायला मशीन हवं होतं. मला वाटलं आता ओळखतील, आता टोपली म्हणतील, आणि खरं सांगतो, तसं म्हणाले असते ना, तर कदाचित मी त्यांना राखाडीच दिलं असतं. दहा फुटांवर चार वर्षं उभा होतो मी त्यांच्या. त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, अहो, जरा चांगलं दाखवा. अहो. मला उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी अहो म्हटलं, का, तर मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं म्हणून.

मी काळं दाखवलं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही, मॅडम. म्हणालो, देखणं आहे. आहेच. म्हणालो, बॅटरी चांगली आहे. आहेच. रँडम आहे का विचारलं, तर मी त्या बटणावर बोट ठेवलं, त्यावर छापलेलंच आहे. राखाडी त्यांच्या समोर होतं आणि त्यांना परवडतही होतं, मी नुसता त्याच्यापुढं उभा राहिलो. एवढंच केलं मी. तसाच उभा राहिलो. मग मी स्वतः ते उचलून त्यांच्या गाडीत ठेवलं, दार त्यांनी उघडं धरलं होतं, तीच गाडी. म्हणालो, रोज घासा सर ह्याच्यावर. ते म्हणाले, थँक्यू.

गेलो ना. चाचणी बघायला गेलोच. तिकीट नव्हतं, शेवटच्या बाकावर बसलो, टोपी ओढून. ताईला सांगितलं होतं दुकानात माल यायचाय. आणि मॅडम, मी तुम्हाला काय सांगू — पहिल्या दोन गेमपर्यंत मला भीती होती, की काही झालंच नाही तर? मग समोरच्या मुलीनं लांबची रॅली धरली. आणि दिसायला लागलं. मी त्या सरांच्या मुलीच्या पायांकडेच बघत होतो, दुसरीकडे कुठं नाही. डावा, उजवा, उजवा. पाय निघायचे आधी, बॉल जायचा भलतीकडे. मी ओठातल्या ओठात म्हणत होतो आणि ती माझ्या तालावर पळत होती, जशी काही मीच पलीकडे टोपली घेऊन उभा आहे. दोन-सहा, एक-सहा. सर कुंपणाला धरून ओरडत होते, पाय हलव, पाय हलव. पायच तर हलत होते तिचे. आळशी म्हणाले तिला, सगळ्यांसमोर. मला इतकं गार वाटलं, मॅडम. अडीच वर्षांत पहिल्यांदा. बाहेर येऊन मी नळाखाली डोकं धरलं आणि हसत सुटलो.

ताईला त्याच दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं ती — काय वाटलं होतं कोण जाणे. पाय बादलीत होते तिचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्या मुलीचं नाव काय? आणि मला येईना. सरांची मुलगी, सरांची मुलगी, एवढंच डोक्यात. ताई म्हणाली, तुला नाव माहीत नाही, आणि बादली उचलून मोरीत ओतली, आणि महिनाभर बोलली नाही माझ्याशी. मला ते अजून पटलेलं नाही. नावाचा काय संबंध? तिचं तरी नाव कोणी विचारलं होतं? ती मुलगी गेलीच ना शिबिराला, ताईच्या जागेवर बसून जेवलीच ना दोन वर्षं? चौदाची असली म्हणून काय झालं. दिसत होतं तिलाही. सकाळच्या बॅचला यायची ती, लांबून दिसायची, वेणी हलवत. — तुम्ही म्हणा मला वाईट, चालेल, पण पुन्हा ते दुकानात आले तर मी पुन्हा तेच करीन. क्रमसुद्धा तोच. डावा, उजवा, उजवा, मध्ये, डावा, डावा, उजवा —

हो. मध्ये, डावा.

मध्ये, डावा, बरोबर.

हे मी सांगितलं नव्हतं तुम्हाला. मघाशी फोन वाजला तेव्हा मी सातवरच थांबलो होतो. शेवटचे दोन मी बोललोच नव्हतो.

— टोपी काढा जरा. नाही, राहू द्या. राहू द्या.

केस कापलेत तुम्ही. म्हणजे मी — लांबून बघितलं होतं ना मी, आणि त्या दिवशी पायच. तुम्ही मला ओळखलं होतं? दारातच? मग बोलला का नाहीत? मला बोलू का दिलंत एवढं?

मी पाणी आणू का. तुम्हाला नको तर मला.

कधी कळलं तुम्हाला? … चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी. डोळे मिटून उभ्या राहिलात समोर आणि तरी सगळे बॉल मारलेत. सगळे. आणि सरांना सांगितलं तर काय म्हणाले? … हो, म्हणतीलच. मशीन कधी चुकत नाही, तुझे पाय आळशी आहेत. आणि रोज दोन तास जास्त. त्याच्यावरच? त्याच काळ्यावर? वर्षभर? … आणि मग ढकललंत. गच्चीच्या जिन्यावरून. — किती मजले? तीन. आवाज झाला असेल. बघा, मला हसू यायला नको, मी हसत नाहीये. सरांना काय सांगितलंत? हातातून निसटलं. पंचवीस किलोचं मशीन हातातून निसटलं. आणि तेव्हापासून खेळणंही सोडलंत.

ऐका, मी — मला असं नव्हतं — म्हणजे होतं. तेव्हा होतं. आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत होतं. पण तुमचा हात मी काचेवर बघितला ना मघाशी, ते घट्टे, ते मी — तुम्ही राखाडी न्या. मालकांचं मी बघतो, माझ्या पगारातून — काय?

मी माफी मागतोय आणि तुम्ही किंमत विचारताय. कशाची? काळ्याची?

आता कशाला ते? तुम्ही तर खेळत नाही म्हणालात आता.

— सरांना. सर खेळणार आहेत. पन्नाशीच्या वरच्यांची स्पर्धा, पुढच्या महिन्यात, आपल्याच क्लबच्या कोर्टवर, सगळे सभासद खुर्च्या टाकून. आणि त्यांनीच पाठवलं तुम्हाला. जसं होतं तसंच आण, दुसरं नको, दुकानदार भला माणूस होता. भला माणूस म्हणाले? … त्यांना क्रम माहीत नसेल. नसणारच, ते कधी त्याच्या समोर उभेच राहिले नाहीत, खुर्चीत बसून शिट्टी वाजवायचे. महिनाभर रोज घासतील त्याच्यावर.

तुम्हाला दुसरं काही दाखवू का, असं विचारायला पाहिजे मला. विचारतो. — नको. बरं. ह्या वेळी सगळं सांगून विकतोय मी, मॅडम, हे तुम्हीच साक्षीला आहात. बटण रँडमचं आहे आणि रँडम नाही. नऊ आहेत. तुम्हाला पाठ आहेत.

थांबा, कपडा काढतो. धूळ बसली आहे, पुसून देतो. लाल दिवा लागतोय, बघा. चढवायला मी येतो गाडीपर्यंत. … तीच गाडी?

एक राहिलं. गॅरंटीचं कार्ड. ह्याच्यावर नाव लागतं, नसलं तर मालक मला सोडायचे नाहीत. मागच्या वेळी सरांनी स्वतःचंच लिहायला लावलं होतं, ते नको. तुमचं सांगा. घरी गेलो की ताई मला विचारेल, म्हणून. मी वर बघतो, हां, बघितलं. सांगा तुमचं नाव, आणि मग जा, मालक यायच्या आत जा.